डोये फिरवू नका, मॅडम

चक्कीवर आलेल्या एका भल्या माणसाचं डोक्सं मी लोखंडी मापट्यानं फोडलं. तिथूनच सुरू करतो, कारण तोवर घरातले सारेच म्हणत होते की होईन हळूहळू बरी, लागते वेळ.

माणूस म्हणजे शाळेतून रिटायर झालेले गुरुजी, गहू घेऊन आले होते. आमची पिठाची चक्की शेलूबाजारात, जीपा उभ्या राहतात त्या चौकाच्या मांगं. पट्टा सुरू झाला की बाजूचा माणूस बोंबलला तरी ऐकू येत नाही. गुरुजीनं हाक मारली असन, मी वळली नाही, म्हणून त्यायनं मांगून खांद्याले हात लावला. बस, एवढाच त्यायचा गुन्हा. हात लागला आणि मले गुरुजी दिसलेच नाही, कुऱ्हाड दिसली. मापटं हातात होतंच. कपाळावर असं बसलं की गुरुजी पिठाच्या डब्यांवर आडवे झाले, पिठात रक्ताची धार लागली, आणि मी पुन्हा मारासाठी हात उचलला होता. मालकानं, म्हणजे माह्या नवऱ्यानं, मले कवेत धरलं तं मी त्यायच्या मनगटाले कडकडून चावली. तो वण आजही आहे.

गुरुजीले टाके पडले. देवमाणूस, पोलिसात गेले नाही. पट्टी बांधलेल्या डोक्यानं मलेच म्हणे, "पोरी, तू मले मारतच नव्हती. कोणाले मारून राह्यली होती?" मी सांगू शकली नाही. सांगाले गेलं की तोंडातून शब्दाऐवजी उलटी यायची.

आता सांगता येते, तं सांगतो. माह्या थोरल्या भावाले आमच्या चुलतभावानं कुऱ्हाडीनं तोडलं. मारलं नाही म्हणत मी, तोडलं. माहेर माहं इंझोरीच्या बाजूले. भावाचं आणि चुलतभावाचं वावर लागून, मधात धुरा, म्हणजे बांध. या धुऱ्यापायी आमच्याकडं सख्खे भाऊ एकमेकाच्या मयतीले जात नाही, चुलत्याचं तं सोडाच. उन्हाळ्यात चुलतभावानं ट्रॅक्टरनं नांगरताना धुऱ्याची पट्टी आपल्याकडं ओढली. मी तेव्हा माहेरी गेली होती आणि भावासंगं वावरात धसकटं वेचाले आली होती. दोघायची तोंडातोंडी सुरू झाली, मायबहीण निघाली. आमच्या घरात आवाज चढणं काही नवीन नव्हतं, म्हणून मी खाली मान घालून वेचतच राह्यली.

मंग कुऱ्हाड वर गेलेली दिसली. पहिला घाव खांद्यात बसला. मी बोंबलत पळाली, पोचेपोचेस्तोवर दुसरा मानेत. भाऊ माह्या अंगावरच कोसळला, मी त्याले घेऊन ढेकळात बसली. रक्त गरम असते हे साऱ्यायले माईत असते, पण किती गरम असते ते ज्याच्या मांडीवर सांडलं त्यालेच माईत. लुगडं चिपचिप झालं. भावानं माह्याकडं पाह्यलं, ओठ हलले आणि त्यानं डोये फिरवले. संपलं होतं. पण चुलतभावाचं संपलं नव्हतं. तो मांगून आला, माह्या खांद्याले हात लावला आणि लहानपणी अंगणात खेळताना म्हणायचा तशा साध्या आवाजात म्हणे, "सरक." मी सरकली नाही तं मले ढकललं, आणि मेलेल्या माणसावर अजून एक घाव घातला. हाडाचा आवाज आला. मंग कुऱ्हाड तिथंच टाकून तो ट्रॅक्टरच्या चाकाले टेकून बसला.

त्या वावरात चौथं माणूस नव्हतं. म्हणजे केसमध्ये डोळ्यानं पाह्यलेली साक्षीदार मी एकटीच. कुऱ्हाड सापडली, रक्ताचे कपडे सापडले, पण सरकारी वकील म्हणे, समोरच्या पार्टीचं म्हणणं आहे की आंधी त्याच्यावर हल्ला झाला, त्यानं जीव वाचवाले कुऱ्हाड उचलली. त्याचा एक कान फाटलेला होता, डॉक्टरचा दाखला होता. आमच्या घरचे सारे म्हणत, हरामखोरानं आपल्याच हातानं मारून घेतलं. मीही तेच म्हणायची. सरकारी वकील म्हणे, "बाई, तुम्ही छातीठोक बोलल्या तर खून. नाही बोलल्या तर तो घरी."

आणि मी बोलली नाही. वाशिमच्या कोर्टात माही पहिली तारीख लागली, मी पिंजऱ्यात उभी राह्यली, वकिलानं इचारलं, "त्या दिवशी काय झालं?" मी तोंड उघडलं आणि पिंजऱ्याच्या कठड्यावर भडाभडा ओकली. पुन्हा पाणी पाजून उभं केलं, पुन्हा तेच. पाय थरथर कापत होते, कानात सूं आवाज. जजसाहेबानं पुढची तारीख देली. बाहेर व्हरांड्यात चुलतभावाचा साळा मोठ्यानं म्हणे, "साक्षीदार हाये का पोटुशी हाये?" आणि त्यायचे लोक खदाखदा हसले. मी त्याच्या अंगावर गेली असती, पण वयनीनं मले धरलं. वयनी म्हणजे त्याच मेलेल्या भावाची बायको. तिचे दोन लेकरं संगं होते. तिच्या हाताचे नखं माह्या दंडात रुतले होते.

"बाई," ती म्हणे, आमच्याकडं नणदेले बाईच म्हणतात, "तुह्या तोंडावर माह्या लेकरायच्या बापाचा न्याय हाये. तू ओकतच राहाशीन का?"

माही पोरगी पुण्याले नर्सिंग शिकते. गुरुजीचं प्रकरण ऐकून तिनंच हे काढलं. म्हणे, आई, डोळे हलवायचा एक इलाज असते, मनावरच्या घावासाठी, आता ऑनलाइन बी करतात. स्क्रीनवर एक टिपका डावीकडून उजवीकडं जाते, माणूस डोक्यात ती गोष्ट धरून नुसते डोळे त्याच्यासंगं नेते. गोष्ट पुसली जात नाही, पण तिचा डंख निघते. मी म्हटलं, "माह्या भावाच्या मानेत कुऱ्हाड गेली आणि मी टिपका पाहू? डोक्सं फिरलं का तुहं?" तिनं ऐकलं नाही. माही पोरगी आहे, कशी ऐकीन.

मॅडम पुण्याची, पोरसवदा, चष्मेवाली. पहिल्याच बोलण्यात तिनं सांगितलं की कोर्टात साक्ष बाकी आहे तर आधी वकिलांना विचारा, मी काय बोलायचं ते शिकवणार नाही आणि कोणाकडून काही वदवूनही घेणार नाही. आता आमच्या घरात तमाशा सुरू झाला. सरकारी वकील फोनवर म्हणे, "अहो बाई, साक्ष होऊ द्या, मग बऱ्या व्हा. कोर्टात साक्षीदार रडलेला चांगला दिसतो." वयनी तं इंझोरीहून जीप बदलत थेट चक्कीवर आली. पाणी घेतलं नाही, बसली नाही.

"डंख काढता काढता साप बी निघून जाईन," ती म्हणे. "तू इसरशीन. मंग मी कोणाच्या तोंडाकडं पाहू?"

"मी इसरत नाही, वयनी. मले इसरता येत नाही, तोच तं रोग हाये."

"मंग राहू दे रोग! साक्ष होईस्तोवर राहू दे!"

माह्या अंगाचा भडका झाला. म्हणजे मी यायच्यासाठी सडत राहाचं, घाव चिघळत ठेवाचा, जजले दाखवाले! मी दळणाचा डबा लाथेनं उडवला, ज्वारी रस्त्यापर्यंत गेली. "कोर्टात बोल म्हंता, बोलाले गेली तं ओकून राह्यली, बरी होऊ म्हटलं तं होऊ नको म्हंता! एक काम कर, त्याच कुऱ्हाडीनं मलेही तोड." वयनी रडत रडत ज्वारी भरू लागली. मी तिच्या बाजूले बसली आणि भरू लागली. शेवटी मालकच वकिलासंगं बोलले. तो म्हणे, करा काय करायचं ते, पुढच्या तारखेला बाई बोलली पाहिजे.

चक्कीच्या वर एक खोली आहे, तिथंच नेटवर्क येते. मोबाईल लहान पडते म्हणून पोरीचा जुना लॅपटॉप ठेवला. मॅडमचा नियम असा की घरात मोठं माणूस हजर पाहिजे, मधात कोणी आलं नाही पाहिजे. म्हणून मालक खाली चक्की बंद करून पायरीवर बसायचे. गिऱ्हाइकानं इचारलं तं काय सांगावं त्यायले सुचलं नाही, बोलून गेले, "डोळे दाखवून राह्यली." झालं. आठवड्यात साऱ्या शेलूबाजारात माह्या डोळ्यात मोतीबिंदू उतरला. सामोरच्या टेलरची बायको, चांगली बाई, मक्केहून आणलेलं सुरम्याचं डबीभर औषध घेऊन आली. एकीनं गाईच्या तुपाची बत्ती सांगितली. एक म्हातारा तं माह्या डोळ्यासमोर बोटं नाचवून "किती?" म्हणे. मी त्याले म्हटलं, "बाबाजी, अजून एकदा बोट आणलं तं मोजाले राहणार नाही."

पहिल्या खेपेले मॅडमनं टिपका दाखवलाच नाही. म्हणे, एक शांत जागा मनात आणा, भीती वाटली की तिथं जायचं. समुद्र, डोंगर, काहीही. समुद्र मी टीव्हीत पाह्यला, त्यात काही शांत दिसलं नाही. शेतशिवार म्हणावं तं शेतातच रक्त. शेवटी म्हटलं, चक्कीतून पीठ पडते ना, त्याच्याखाली हात धरला की ऊन ऊन लागते, ते चालीन का? मॅडम म्हणे, उत्तम. मले तेव्हाच मॅडम आवडली, पण दाखवलं नाही.

दुसऱ्या खेपेले तिनं इचारलं, सगळ्यात वाईट चित्र कोणतं? मी म्हटलं, भाऊ माह्या मांडीवर, आणि त्याचं माह्याकडं पाहणं. अंगात कुठं लागते? म्हटलं, गळ्यात. स्क्रीनवर निळा टिपका आला. आणि मॅडम एकदम गोड आवाजात म्हणे, "ताई, ते चित्र मनात ठेवा, आणि आता शांतपणे डोळे फिरवा."

आमच्याकडं माणूस मेला म्हणत नाही. म्हणतात, त्यानं डोये फिरवले. लिहिताना मी 'ळ' लिहितो, शाळेनं तेवढं शिकवलं, पण तोंडातून 'य'च निघते, आणि भावाचे फिरले ते डोयेच होते. बुबुळं वर गेली, पांढरं उरलं. ही बया मले म्हणते, ते चित्र धरा आणि तुम्ही बी फिरवा! मी लॅपटॉप असा आपटला की झाकणाची एक बिजागरी तुटली. "मरू का मी बी? अं? त्याच्यासंगं मले बी जा म्हंता?" पुण्यापर्यंत विनामोबाईल ऐकू गेलं असन. खालून मालक धावत वर आले, मी भिंतीवर डोक्सं आपटून राह्यली होती. मॅडमले ज्या शिव्या घातल्या त्या लिहिण्यासारख्या नाही. तिच्या सात पिढ्यायले वावरात गाडलं.

ती घाबरली असन, पण पळाली नाही. मालकाच्या मोबाईलवर फोन केला, म्हणे, ताईंना द्या. तिनं आंधी माफी मागितली आणि मंग इचारलं, "मी काय बोलले ते मला समजावून सांगाल?" मी हुंदके देत देत सांगितलं. तिनं पुरं ऐकलं. मंग म्हणे, "मग तुमच्याकडे काय म्हणू?" मी म्हटलं, "टिपक्याच्या मांगं मांगं जा म्हणा. फिरवू नका म्हणा. डोये फिरवू नका, मॅडम." त्या दिवसापासून ती पुण्याची पोरगी "टिपक्याच्या मांगं जा" म्हणू लागली, अगदी आमच्या 'मांगं'सकट.

टिपका चालला की खरंच काय होते ते मले सांगता येत नाही. कानातल्या तारेत डावीकडं टक, उजवीकडं टक. थोड्या वेळानं मॅडम म्हणे, थांबा, श्वास घ्या, काय आलं? कधी नुसता संताप यायचा. कधी हात आपोआप आवळायचे आणि मी चुलतभावाचा गळा दाबत असायची, त्याची जीभ बाहेर येईस्तोवर, आणि मले बरं वाटायचं. भीत भीत सांगितलं तं मॅडम म्हणे, येऊ द्या, डोक्यात दाबल्यानं कोणी मरत नाही. कधी आतडं पिळवटून रडू. पण गळ्यातला तो गोळा खेपेखेपेनं उतरत गेला. एक दिवस मालकानं मांगून हाक मारून खांद्याले हात लावला, आणि मी नुसती वळून म्हटलं, "काय?" ते माह्याकडं पाहतच राह्यले. मी चहा टाकला.

आणि मंग ते झालं. माह्या डोक्यातली फिल्म नेहमी कुऱ्हाडीपासून सुरू व्हायची. कुऱ्हाड वर, घाव, मांडी, डोळे. पोलिसानंही जबाब घेताना पहिला सवाल तोच केला होता, "कुऱ्हाड कशी मारली?" आता भीती उतरली तशी फिल्म मांगं सरकू लागली. मॅडमनं कधीच म्हटलं नाही की हे आठवा, ते आठवा. ती फक्त इचारायची, काय आलं? एका खेपेले आलं की कुऱ्हाड वर जाण्याच्या आंधी मी मान वर केली होती. काहून केली? कारण आवाज आला होता. ठप्प असा. लोखंड अंगावर बसल्याचा.

टिपक्याच्या मांगं जा, मॅडम म्हणे. मी गेली. चुलतभाऊ वाकलेला आहे, धुऱ्यावर खुंटी ठोकून राह्यला आहे. माह्या भावाच्या हातात फावडं आहे. भाऊ मांगून येते, फावडं दोन्ही हातानं उचलते आणि वाकलेल्या माणसाच्या डोक्यावर घालते. चुलतभाऊ ऐन वेळी हलते म्हणून कानावर बसते. कान लोंबते. मंग तो ट्रॅक्टरकडं धावते. मंग कुऱ्हाड.

हे मी पाह्यलं होतं. लपवलं नव्हतं, पण तिकडं पाहण्याची ताकदच नव्हती अंगात. माह्या मांडीवर मेलेल्या माणसानं हे केलं असन, हे मनानं धरलंच नव्हतं. मी लॅपटॉप बंद केला, खाली आली आणि गव्हाच्या पोत्यावर बुक्क्या मारू लागली. "काहून मारलं रे! काहून मारलं तू! वीतभर धुऱ्यापायी मांगून मारते का कोणी? भेकडा! लेकरं होते ना तुले, बहीण होती ना वावरात!" चुलतभावावर एवढे दिवस दात खाल्ले, पण असा राग मले त्याचाही आला नव्हता. पोतं फाटलं, गहू सांडले. मालक दारात उभे होते. त्यायनं सारं ऐकलं होतं.

"हे कोणाजवळ बोलू नको," ते म्हणे. "इचारीन तेवढंच सांग."

मॅडमले इचारलं, मी काय करू? ती म्हणे, "ते मी सांगायचं नाही, ताई. ते तुमचं आहे." मले तिचाही राग आला. एवढं मांगं मांगं नेलं आणि ऐन जागेवर हात सोडला! पण बाकी कोणाचं ऐकलं असतं मी, हेही खरं नाही. वयनीले सांगाले दोनदा फोन लावला. दोन्ही वेळा ती आंधीच बोलू लागली, लेकराची शाळा, वकिलाची चक्कर, "बाई, तू बोलशीन ना?" मी म्हटलं, "बोलीन." खोटं नव्हतं ते.

तारखेले पिंजऱ्यात उभी राह्यली तं पाय सरळ होते. सरकारी वकिलानं कुऱ्हाडीपासूनच इचारलं, मी कुऱ्हाडीपासूनच सांगितलं. घाव खांद्यात, घाव मानेत, मांडीवर डोये फिरवले, "सरक" म्हणून ढकललं आणि मेल्यावर बी मारलं. एकदाही अडखळली नाही. मांगं बाकावर वयनी तोंडाले पदर लावून बसली होती, तिचे डोळे चमकत होते. सरकारी वकिलानं मान हलवली.

मंग समोरचा वकील उठला. आंधी त्यानं माह्या न रडण्यावर धरलं. "सख्ख्या भावाचा मुडदा पाहिला म्हणता आणि डोळ्यात टिपूस नाही? मोबाईलवर तुम्हाला डोळ्यांचे कसले धडे देतात म्हणे?" मी म्हटलं, "डोळे हलवाले शिकवलं, साहेब. जीभ हलवाले नाही." जजसाहेबानं वर पाह्यलं. वकील जरा भडकला, मंग कागद चाळला आणि एकदम हळू आवाजात म्हणे, "आरोपीच्या कानावर आधी तुमच्या भावानं फावडं मारलं, हे म्हणणं खरं आहे का?"

मी चुलतभावाकडं पाह्यलं. एवढ्या दिवसात पहिल्यांदा. कान शिवलेला होता, वाकडा. तो माह्याकडं पाहत नव्हता, पायाकडं पाहत होता, लहानपणी मार बसायच्या आंधी पाहायचा तसा. मले त्याची दया आली नाही. त्याचा मले आजही तेवढाच तिटकारा आहे. पण माह्या डोळ्यासमोर फावडं उचललेलं होतं, आणि मी शपथ घेतली होती.

"खरं आहे," मी म्हटलं.

वकील एक पाऊल पुढं आला. "मागून मारलं?"

"मांगून मारलं. पण साहेब, माहं पुरं लिहा. मेलेल्या माणसावर यानं अजून घाव घातला. मले सरक म्हणून. तेव्हा याचा जीव कोणी घेऊन राह्यलं नव्हतं. तेही लिहा." जजसाहेबानं दोन्ही लिहून घेतलं. निकाल अजून लागाचा आहे. सरकारी वकील म्हणते, शिक्षा तं होईन, पण खुनाची का कमी कलमाची, सांगता येत नाही. तो माह्यासंगं धड बोलत नाही.

बाहेर व्हरांड्यात मी पाय ठेवला आणि वयनीनं माह्या थोबाडात मारली. हात उघडा, पुरी ताकद. कानात वाजलं. दुसरी मारली. लोक जमले. मी हात उचलला नाही, मनातही आलं नाही. "रांड!" ती बोंबलली. "माह्या माणसाले त्यानं एकदा मारलं, तू आज मारलं! इसरली असती तं बरं झालं असतं तुले! कायले आठवलं? कायले गेली तू त्या टिपक्याच्या मांगं?" तिसरी मारताना तिचाच तोल गेला, आणि मी तिले धरलं तं माह्या हातातून सुटून ती खांबाले टेकून खाली बसली. ओठातून माह्या रक्त येत होतं. मालकानं पाणी आणलं, तं मी आंधी तिच्यापाशी नेलं. तिनं ग्लास उडवला.

मंगरूळपर्यंत आमचा रस्ता एकच, आणि त्या वेळी निघणारी जीपही एकच. मालक वर टपावर बसले. मधल्या सीटवर आम्ही दोघी कोंबून बसलो, सरकाले जागा नव्हती. ती खिडकीतून बाहेर पाहत होती. माहा गाल सुजून आला होता. गावं गेले, वावरं गेले. ड्रायव्हरनं गाणं लावलं होतं, आमच्याकडं पाहून त्यानंच बंद केलं.

मंगरूळ जवळ आलं तेव्हा ती खिडकीकडं तोंड ठेवूनच म्हणे, "बाई."

"काय, वयनी."

"तुले सारं आठवलं ना आता? आंधीचं बी?"

"हो."

"त्या दिवशी ह्यायनं जेवलं होतं का?" तिचा आवाज एकदम बारीक झाला होता. "सकाळी मी भांडली होती ह्यायच्यासंगं. काही नव्हतं, चहात साखर कमी म्हणून. डबा बांधून देला, पण तोंडानं बोलली नाही. मंग डबा पोलिसानं नेला का कोणी नेला, मले पाहाले नाही भेटला."

मले डबा दिसला. पळसाच्या फांदीले लटकलेला, फडक्याची गाठ तिनं बांधली तशीच. भावानं म्हटलं होतं, धुरा पाहून येतो, मंग बसू जेवाले. आणि फावडं घेऊन गेला होता.

"हो," मी म्हटलं. "दोन्ही भाकरी खाल्ल्या. ठेचा बी संपवला, बोटं चाटून."

वयनीनं पदराचं टोक बोटाले गुंडाळलं. मंग म्हणे, "मीठ कमी होतं त्यात."

"ते काही म्हटलं नाही त्यानं," मी म्हटलं.